बॉक्स्टर घरी उचलायची कशी? जॅक, घोड्या, पाने यांबद्दल सल्ला हवा

सातपूरकर:

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये एक मूर्खपणा केला. २००१ सालची पोर्शे बॉक्स्टर घेतली. ९८६ म्हणतात ती पिढी, २.७ लिटरचं इंजिन, पाच गिअर, ८४ हजार मैल झालेली. ड्रायव्हरची सीट कडेला उसवली आहे, बाकी गाडी धडधाकट. किंमत लिहीत नाही, कारण घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत थोडं अंतर आहे आणि बायको इथे वाचनमात्र असते.

राहायला टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला. पहिल्यांदा तेल बदलायला गेलो तेव्हा गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून तसाच परत आलो. म्हटलं आपणच करू. अगदी नवखा नाही मी. बाबा सातपूरला टूलरूममध्ये होते. रविवारी अंगणात चेतक आडवी पडलेली असायची आणि मागितला तो पाना हातात देणं हे माझं काम. पण चेतक आडवी करता येते, ही येत नाही.

गॅरेज दोन गाड्यांचं आहे, छत नऊ फूट, काँक्रीटची जमीन, दाराकडे किंचित उतार. सगळं मिळून १५०० डॉलर खर्चायची तयारी आहे. तेल, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, पुढेमागे कुलंट, एवढीच कामं करणार. क्लचच्या वाटेला जाणार नाही.

जॅक दोन टनी घ्यावा की तीन टनी? क्विकजॅक नावाचं जे दोन सांगाड्यांचं प्रकरण मिळतं ते घ्यावं का? मॅक्सजॅकचे दोन खांब जमिनीत ठोकावेत का? शेजाऱ्याकडे चार खांबांची लिफ्ट आहे, तिच्याकडे बघून जीव जळतो. आणि दोनशे नगांची पान्यांची पेटी सेलमध्ये दिसते आहे, ती उचलू का?

शिवाय एक अडचण, तिचं उत्तर कुठेच सापडेना. काल टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घातलं. जॅक लावायच्या जागा चारच दिसल्या, प्रत्येक चाकाशी एक. तिथे जॅक लावला तर घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा स्टँड, कुठे लावायची? तिथे घोडी हवी असेल तर जॅक कुठे? दहा मिनिटं तसाच पडून विचार करत होतो. शेवटी बायकोने दारातून विचारलं, "आहेस ना रे?"

उद्यमनगर:

सातपूरकर, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही स्वीकारा. माझ्याकडे २००३ ची आहे, चौदा वर्षं झाली. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात काकांच्या लेथशेजारी वाढलो, आता मिशिगनात निवृत्त. त्यामुळे वेळ आहे, उत्तर लांबणार.

तुम्ही शेवटी विचारलंत ते खरं म्हणजे आधी विचारायचं. टनांचं सोडा हो. गाडी साडेबाराशे-तेराशे किलोची. एका बाजूला जॅक लावला तर त्यावर निम्म्याच्या आतच वजन येतं. दीड टनी जॅकही पुरे. बघायचं ते हे की पूर्ण खाली बसल्यावर जॅकचं डोकं जमिनीपासून किती उंच राहतं. साडेतीन इंचांच्या वर असेल तर तो बॉक्स्टरखाली अडू शकतो, दुसऱ्या दिवशी परत करायला न्याल. दुसरं म्हणजे दांडा लांब हवा. आखूड दांडा खालच्या कडेला आपटत राहतो आणि तुम्ही दोन-दोन इंचांचे झटके मारत बसता. लोखंडी तीन टनी जॅक भक्कम असतो, पण भिंतीपासून ओढत आणताना माझी कंबर बोलते. अ‍ॅल्युमिनियमचा घ्या.

आणि आधी झाडू मारा. हसू नका. जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. टोक जेवढं सरकतं तेवढा जॅक स्वतःच्या चाकांवर पुढेमागे व्हायला हवा. चाकाखाली एक खडा आला की जॅक अडतो आणि मग वर काहीतरी घसरतं. माझ्या गॅरेजात सगळ्यात झिजलेलं हत्यार झाडू आहे.

आता घोड्या. ९८६ ला कंपनीने जागा चारच दिल्यात, तुम्हाला बरोबर दिसलं. लोक काय करतात, मागच्या जागेवर जॅक लावतात. गाडी एवढी ताठ आहे आणि वजन एवढं मधोमध आहे की त्या बाजूचं पुढचं चाकही हवेत येतं. मग पुढच्या जागेखाली घोडी सरकवायची, जॅक सोडायचा, दुसऱ्या बाजूला तेच. पुढचं निभावतं. मागच्याला अडतं, कारण मागे उचलायला तीच जागा आणि टेकवायलाही तीच.

यावर रेनस्टँड नावाच्या घोड्या मिळतात, मी त्याच घेतल्या. आडवा दांडा जॅकवर ठेवायचा, त्यावरचं रबरी डोकं गाडीच्या जागेला लागतं. गाडी वर गेली की दांड्याच्या दोन टोकांखाली पाय सरकवायचे आणि जॅक मधून काढून घ्यायचा. स्वस्त नाहीत. पण तुमच्या पंधराशेतला मोठा वाटा इथेच घाला. चार नसतील जमत तर दोन घ्या, मागच्यांसाठी, आणि पुढे साध्या लावा.

साध्या घेताना लेबल वाचा. कित्येकदा लिहिलेली क्षमता जोडीची असते, एकीची नव्हे. मी खिळ खुपसायची घोडी पसंत करतो, दात्यांची नाही. २०२० साली अमेरिकेत लाखो दात्यांच्या घोड्या परत मागवल्या, कारण दाते नीट अडकत नव्हते आणि धक्का बसला की घोडी खाली यायची. बदली म्हणून दिलेल्यांतही काहींचं वेल्डिंग कच्चं निघालं. अंगणातल्या सेलमध्ये पाच डॉलरला घोड्या दिसल्या तर हे आठवा.

तुमच्या जमिनीला उतार आहे म्हणालात म्हणून माझी फजिती सांगतो. पहिल्याच वर्षी मागची बाजू उचलली. हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये टाकलेली. दोन्ही मागची चाकं सुटली आणि गाडी दाराकडे चालायला लागली. का? हँडब्रेक मागच्या चाकांना. गिअरही मागच्याच चाकांना, पुढे काही जातच नाही. मागची चाकं हवेत म्हणजे गाडीला धरणारं कोणी नाही, पुढची दोन मोकळी. जेमतेम तीन इंच गेली, जॅक तिरका झाला, खालची कड चेपली. मी तेव्हा गाडीखाली नव्हतो, पाना आणायला वळलो होतो. एसटीचा कंडक्टर घाटात चाकाला उटी लावतो ती आठवा. पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी उटी लावल्याशिवाय मी आता जॅकला हात लावत नाही.

क्विकजॅक चांगला आहे. दोन सांगाडे गाडीखाली सारायचे, मोटर पंप चालू केला की गाडी सपाट वर, दीड-पावणेदोन फूट. मिटलेला जेमतेम तीन इंच, त्यामुळे बॉक्स्टरखाली जातो. पण आधी तुमच्या पुढच्या आणि मागच्या जागेतलं अंतर टेपने मोजा आणि त्यांच्या तक्त्यात बघा की कुठला सांगाडा तेवढा पोचतो. लोक टन बघून घेतात आणि ठोकळा जागेवर येत नाही म्हणून रडतात. तुमच्या बजेटात तो एकटाच बसेल, पान्यांना काही उरणार नाही.

मॅक्सजॅकबद्दल मात्र थांबा. तुम्ही टेक्सासात. तिथली माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते म्हणून बऱ्याच घरांच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. त्यावर ड्रिल लागलं तर केबल तुटून जमिनीतून उसळू शकते. गॅरेजच्या दाराजवळ फरशीत ठसा उमटवलेला असतो बहुधा, "पोस्ट टेन्शन" म्हणून. तो दिसला तर खांबांचा विषय संपला.

पान्यांचं उद्या लिहितो, सूनबाई जेवायला बोलावतायत.

बे_एरियातला_बंड्या:

काका, एवढं कशाला? मागे मधोमध इंजिनच्या जोडावर लाकूड ठेवून जॅक लावायचा, दोन्ही मागची चाकं एकदम वर, मग दोन्ही जागांना साध्या घोड्या. मी आठ वर्षं असंच करतो. सगळे करतात. रेनस्टँडचे पैसे टायरला लावा सातपूरकर.

उद्यमनगर:

बंड्या, करतात खरं, आणि बहुतेकांचं निभावतंही. पण ते इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं. जोडाची कड दोन बोटांची. लाकूड थोडं कलंडलं की वजन खालच्या तेलाच्या झाकणावर. मी चेपलेलं झाकण पाहिलंय, माझ्या गाडीचं नव्हे. कंपनीच्या पुस्तकात ही जागा दाखवलेली नाही, एवढंच मला पुरे. तू कर, पण पहिल्यांदा जॅक हातात घेणाऱ्याला सांगू नकोस.

आता पाने. ती दोनशे नगांची पेटी नको. त्यात निम्मे इंचाचे पाने निघतील, तुमची गाडी सगळी मिलिमीटरची, आणि जे खरंच लागतं ते त्यात नसेल. तेलाच्या बुचाला ८ मिमीचा अ‍ॅलन बिट. फिल्टरच्या झाकणाला ७४ मिमीची, चौदा खाचांची टोपी. चाकांना १९ ची गोटी (सॉकेट), जमल्यास बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेली, नाहीतर रिमला ओरखडे. १०, १३, १५ हे तर रोजचेच, आणि १० ची गोटी दोन घ्या कारण एक हरवते. टॉर्क्सचा, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेच्या स्क्रूंचा, संच. इंजिनाचा बेल्ट कधी बदलायचा झाला तर २४ चा पाना, आणि गंमत म्हणजे त्याला गाडी उचलावीच लागत नाही. सीटच्या मागचं कार्पेट आणि झाकण काढलं की बेल्ट समोर.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत आवळलं की क्लिक होणारा पाना, दोन घ्या. एक लहान, साधारण ५० न्यूटन-मीटरपर्यंत, एक मोठा २०० पर्यंत. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं म्हणजे आटे बघता बघता जातात. प्लगला ३०, तेलाच्या बुचाला ५० आणि वॉशर दर वेळी नवा, फिल्टरच्या प्लास्टिकच्या झाकणाला फक्त २५, चाकाच्या बोल्टला १३०. हे न्यूटन-मीटर आहेत! रेंचवर दोन पट्ट्या असतात. मी एकदा घाईत १३० फूट-पौंडांवर लावला, म्हणजे झाले १७६. दोन महिन्यांनी रस्त्यात पंक्चर, डिकीतल्या पान्याने बोल्ट हलेना, पायाने उभा राहिलो तरी हलेना. बायको गाडीत बसून वाती वळत होती. काम झालं की रेंचची स्प्रिंग सैल करून ठेवा आणि त्याने कधीही बोल्ट सोडवू नका, तो फक्त आवळायला.

एक राहिलं. तेलाचं भांडं मोठं घ्या, दहा लिटरच्या वरचं. ही गाडी आठ-साडेआठ लिटर ओतते आणि साध्या भांड्यात पाच-सहाच मावतं. बूच तर काढलेलं असतं, तेल गरम असतं, परत लावता येत नाही. पुढचं सांगत नाही.

नेकारकाठ:

मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथे सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये साधं तेल बदललं तरी घरमालकाचं पत्र येतं, त्यामुळे उचलण्याचा प्रश्न आम्ही वेगळ्या प्रकारे सोडवतो. मीटवेर्कश्टाट नावाची भाड्याची वर्कशॉप असतात. खरीखुरी दोन खांबांची लिफ्ट तासाच्या दराने मिळते, मी जातो तिथे तासाला वीसेक युरो, जुनं तेलही तेच घेतात. शनिवारी सकाळी रांग असते. तुमच्या शहरात असं काही आहे का ते आधी शोधा. वर्षातून दोनदाच गाडी उचलणार असाल तर हजार डॉलरचं लोखंड गॅरेजात कशाला?

अजून एक. ९८६ ला चाकाचे नट नसतात, बोल्ट असतात. म्हणजे चाक टेकवायला खुंटी नाही. एका हाताने चाक धरायचं आणि दुसऱ्याने भोकं जुळवायची, पहिल्यांदा मी घामाघूम झालो होतो. पुढच्या डिकीतल्या किटमध्ये आट्यांची एक पिन असते ती वरच्या भोकात फिरवायची, चाक तिच्यावर अडकवायचं. जुन्या गाड्यांत ती हरवलेली असते, सुटी विकत मिळते.

आणि सहज म्हणून: चासी नंबरातलं अकरावं अक्षर बघा. एस असेल तर गाडी आमच्या गावची. यू असेल तर ती फिनलंडात, ऊसिकाउपुंकीला बनलेली. आमच्याकडचे लोक या अक्षरावरून उगाच नाक मुरडतात, गाडी तीच असते.

कर्वेरोड_कार्ब्युरेटर:

आमच्याकडे पोर्शे नाही, जुनी पोलो आहे आणि सोसायटीचं पार्किंग आहे, पण एक युक्ती सांगतो. गाडी बुटकी म्हणून जॅक जात नसेल तर आधी चारही चाकं दीड इंची फळीवर चढवायची. गाडी दीड इंच वर आली की साधा जॅकही आत शिरतो. मी मामांच्या वाड्याच्या पाडकामातले सागाचे तुकडे आणलेत, दाराच्या चौकटीचे. शंभर वर्षांचा साग, जॅकला दाद देत नाही.

काढलेलं चाक बाजूला टाकू नका, गाडीच्या कडेखाली आडवं सारून ठेवा. घोडी गेलीच तर गाडी चाकावर येते, तुमच्यावर नाही. आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधी वापरायचे नाहीत. दिसायला मजबूत, पण एका जागी वजन आलं की आधी न सांगता फुटतात. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे एक पोरगा याच पायी तीन महिने घरी होता.

घोड्यांवर गाडी ठेवल्यावर आत जाण्याआधी तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

सातपूरकर:

सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण मोजमापातच दोन शनिवार गेले.

दाराजवळची फरशी पाण्याने घासली आणि ठसा सापडला. पोस्ट टेन्शन. घर घेतल्यापासून नऊ वर्षं त्या अक्षरांवरून गाडी नेतोय, कधी वाचली नव्हती. मॅक्सजॅक बाद. शेजाऱ्याची लिफ्ट नुसती उभी असते, खांब ठोकलेले नाहीत, हेही आत्ता कळलं.

मीटवेर्कश्टाटसारखं इथे एक होतं, फोन केला तर बंद झालंय. क्विकजॅकचा विचार पुढच्या वर्षावर ढकलला. रेनस्टँड दोन घेतल्या, पुढे खिळीच्या दोन, आणि अ‍ॅल्युमिनियमचा जॅक. तो खाली बसल्यावर सव्वातीन इंच आहे, दुकानात टेप लावून बघितला. विक्रेता माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. फळ्याही कापून घेतल्या. इथे दोन बाय दहा म्हणून जी मिळते ती खरी दीड इंचच भरते, त्यामुळे कर्वेरोडांच्या हिशोबात बरोबर बसली.

बंड्या, तुझा सल्ला नाही ऐकला, माफ कर.

पहिला बदल काल केला. इथे जूनमध्ये दुपारी गॅरेजात उभं राहवत नाही म्हणून पहाटे साडेपाचला. उटी चार, झाडू, मग जॅक. मागची डावी बाजू उचलली आणि पुढचं चाक खरंच आपोआप वर आलं, लिहिलेलं वाचूनही दचकलो. गाडी गदागदा हलवली, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला. तेल सव्वाआठ लिटर निघालं, भांडं बारा लिटरचं होतं, काका. फिल्टर कापून बघितला, धातूच्या कणांची चकाकी दिसली नाही.

एकच घोळ झाला. बाबा सध्या आलेत. येताना बॅगेत टपारियाचा १८-१९ चा रिंग पाना घेऊन आले, त्यांच्या टूलरूमच्या काळातला, आमच्या सातपूरचाच. चाकाचे बोल्ट मी १३० वर टॉर्क रेंचने लावले, क्लिक ऐकला, हात धुवायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर बाबा त्या पान्याने एकेक बोल्ट अजून पाव वळसा आवळत होते. म्हणाले, "मशीनवर विश्वास ठेवू नये." दोन चाकांचे झाले होते. आता ते सैल करून परत लावू का, की तसेच राहू देऊ?

उद्यमनगर:

सैल करा आणि परत लावा, गाडी जमिनीवर असताना, चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक. पण बाबा दुपारी झोपले की. अक्षर कुठलं निघालं ते लिहिलं नाहीत, एस की यू?

सातपूरकर:

यू. फिनलंड. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग ठीक आहे, थंडीतल्या माणसांचं काम नीट असतं.